न्हाणीघरातली हवा

बसा, रविकांत. सायकल आत घ्या, फाटकाशी ठेवलीत तर गुरं पाडतात. कंदील बारीक करतो हं, आतल्या खोलीत पोर आहे आणि रॉकेल रेशनचं आहे. लढाई संपून दोन वर्षं होत आली, पण रॉकेलला कुणी ते सांगितलेलं दिसत नाही.

पत्र आणलंत ना? ठेवा तिथे. त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. माझी बदली संगमनेरच्या शाळेवर. जूनमध्ये रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या. हेडमास्तरांना वाटतं, बायको गेल्यापासून मास्तरांचं डोकं फिरलंय, जागा बदलली की ताळ्यावर येतील. भला माणूस आहे. पण मला हे घर सोडता येत नाही. का, ते तुम्हाला सांगतो, कारण माझ्या जागी शास्त्र तुम्हीच शिकवणार. फक्त मध्ये बोलू नका. मध्ये बोललेलं मला वर्गातही चालत नाही.

तर पौषातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मी नगरच्या बाजारात एक लोखंडी कडी घ्यायला गेलो. न्हाणीघराच्या दारासाठी. दुकानदाराने पितळी दाखवली, म्हणाला, हिला गंज लागत नाही. मी म्हटलं, गंजू दे, पण मजबूत पाहिजे. चांगली बोटभर जाडीची घेतली, चार स्क्रू घेतले आणि सायकलवर सावेडीला परत आलो. खूश होतो. शीळ घालत आलो असेन.

ही कडी कशाला, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

हे घर एका ओव्हरसियरचं. सूर्यभान त्यांचं नाव, आता पुण्याला असतात. गावापासून एवढ्या लांब, ज्वारीच्या रानात घर बांधायची हौस त्यांनाच. न्हाणीघर मात्र त्यांनी घराच्या आत घेतलं, फरशी घातली, खिडकीला काच लावली. विजयाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेच आवडलं होतं. तिची आई लहानपणीच वारलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही. माझी थोरली बहीण आक्का देवळाली प्रवऱ्याला, पण तिच्या घरी गुऱ्हाळ चालू, तिला हलता येईना. मग गावातल्या बनुबाईला बोलावलं. साठीची बाई, सगळ्या सावेडीला हिने न्हाऊ घातलेलं. मुलगी झाली, सुखरूप झाली. बाराव्या दिवशी नीलांबरी नाव ठेवलं आणि तेराव्या दिवशी कडाक्याची थंडी पडली.

तोवर पाण्याचा बंब मागच्या पडवीत असे. पडवीतून बादल्या आणेपर्यंत पाणी कोमट होई, आणि बाळंतिणीला तर कढत पाणी हवं, वाऱ्याची झुळूक लागता कामा नये. म्हणून मी बंब उचलून न्हाणीघरात नेला. पहिल्या दिवशी लाकडं घातली, तर धुराने दोघींचे डोळे लाल. मग मी म्हटलं, थांबा, याला शास्त्रीय उपाय आहे. लोहाराकडून कोळसा आणला. कोळशाला धूर नाही! बनुबाईसुद्धा म्हणाली, मास्तर डोकेबाज हाय. मला बरं वाटलं.

आणि त्याच दिवसापासून न्हाणीघरात काहीतरी आहे असं विजया म्हणायला लागली.

पहिल्यांदा बंब. पाणी तापायला लागलं की त्यातून बाई कण्हल्यासारखा आवाज येतो, म्हणाली. मी तिला बाजेवर बसवून समजावलं. तळाशी पाण्याची वाफ होते, बुडबुडे वर येतात, वरचं पाणी थंड असतं, तिथे ते फुटतात, त्यांचा तो आवाज. पाणी उकळलं की थांबतो. थांबतो की नाही? थांबतो, म्हणाली.

मग मोरी. अंघोळीचं पाणी वाहून गेलं की मोरीच्या नळातून हुंदका येतो. मी म्हटलं, पाण्यामागोमाग नळ हवा ओढून घेतो, तो आवाज. बाटली उपडी करून दाखवली तिला. मग खिडकी. काचेवर वाफ धरली की खालच्या कोपऱ्यात एक पंजा उमटतो. बारीक बोटांचा, आतून काच ढकलल्यासारखा. तो मी स्वतः पाहिला. तेलकट हात कधीतरी काचेला लागला असेल तर त्या जागी वाफेचे थेंब वेगळे धरतात, मग डाग दिसतो, वाळला की जातो. राखेने घासून काढला. दुसऱ्या दिवशी परत होता. म्हणजे मी नीट घासला नव्हता, एवढंच.

शेवटी दार. कितीही लोटलं तरी अंघोळ चालू असताना ते आपोआप उघडे. चार बोटं फट पडे, तेवढीच, जास्त नाही. आतली तापलेली हवा वरून निघून जाते, तिच्या जागी बाहेरची गार हवा शिरते, ती दार ढकलते. यात काय आहे घाबरण्यासारखं?

विजया हसायची हो. घाबरायची आणि हसायचीही. एकदा म्हणाली, "तुमच्या पुस्तकात तिला जागा नाही, म्हणून बिचारी न्हाणीत राहते." कोण ती, म्हटलं. तर म्हणाली, ते ठाऊक नाही, पण ती वाईट नाही, तिला फक्त गुदमरतं.

मी बनुबाईला बाजूला घेऊन दम भरला, की बाळंतिणीच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ओव्हरसियरची बायको केशरबाई तिथंच न्हाताना गेली. फिट आली म्हनत्यात. बाळंतीन हुती. एवढं बोलून ती आपली शेपा निवडायला लागली. आणि एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली, की वाऱ्याच्या नावाने एवढी कटकट करणारी ही बाई न्हाणीची खिडकी मात्र जराशी उघडी ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "मास्तर, ती न्हानी लई कोंडू नका. तिला सोसत न्हाई."

तिला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, अडाणी बाई, बोलायचं म्हणून बोलते.

विजयाचं डोकं दुखायचं अंघोळीनंतर. कढत पाण्याने दुखतं, मी म्हटलं. कधी मळमळायचं. गालांवर मात्र लाली चढायची, इतकी सुंदर दिसायची ती तेव्हा. मी आक्काला पत्रात लिहिलं, की विजयाने चांगलं अंग धरलं आहे, गाल गुलाबी झाले आहेत. रविकांत, ते पत्र आक्काने अजून ठेवलंय.

पण भीती काही जाईना. रात्री दचकून उठायची, दूध कमी झालं. मग मी ठरवलं, समजावून पुरत नाही तर ते आवाज आणि ते प्रकारच बंद करायचे. कारण काढून टाकलं की परिणाम राहत नाही, हे आपण पाचवीला शिकवतो. शुक्रवारी मी मोरीत चिंध्यांचा बोळा गच्च बसवला, हुंदका बंद. खिडकीवर दुहेरी गोणपाट ठोकलं, पंजा बंद. आणि शनिवारी दाराची कड रंध्याने सारखी करून ते चौकटीत नीट बसवलं आणि ती नवी कडी लावली. लावून झाल्यावर विजयाला आत उभं करून बाहेरून खांद्याने ढकलून दाखवलं. हललं नाही. म्हटलं, आता बघू कोण उघडतंय.

ती म्हणाली, "फार घट्ट झालंय हो." पण मला वाईट वाटू नये म्हणून हसली.

रविवारी बनुबाई येणार नव्हती. तिच्या भाचीचं हिवरे बाजारला काही होतं. एक दिवस अंघोळ नाही केली तर बिघडत नाही, असं विजया म्हणाली, पण मीच म्हटलं, केवढी कडी लावली आहे, आता घाबरायचं काय? पोरीलाही घाल. पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते ती बनुबाईकडून शिकलीच होती. मी कोळसा पेटवला. लाल झाला, पाणी कढत झालं. सकाळचे नऊ वाजले असतील, ऊन चांगलं वर आलं होतं. विजया आत गेली. पंच्यात गुंडाळलेली पोर मी माझ्या हाताने तिच्या हातात दिली. हे लक्षात ठेवा. मी दिली, माझ्या या दोन हातांनी. मग तिने दार लावलं आणि कडी सरकवल्याचा आवाज मी ऐकला. नीट बसली का, असंही विचारलं मी. बसली, म्हणाली.

मी पडवीत सहामाहीचे पेपर तपासायला बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता, विजया काहीतरी गुणगुणत होती. मग गुणगुण थांबली. मी आपला पेपर तपासतोय. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी कोणतं उत्तर वाचत होतो सांगू? मीच काढलेला प्रश्न होता. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या कुणा मुलाने लिहिलं होतं, 'अपुऱ्या हवेत कोळसा जळाला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो व वास नसतो. बंद खोलीत शेगडी ठेवू नये.' मी समोर बरोबरची खूण केली. दोन पैकी दोन गुण दिले. पान उलटलं.

मग माझा हात थांबला.

उठलो तो पेपर उडाले, दौत सांडली. दाराशी जाऊन हाका मारल्या. विजया, कडी काढ. मग फार सावकाश, झोपेतून बोलावं तसं ती म्हणाली, "डोकं जड झालंय... जरा बसलेय."

मी म्हटलं, बसू नकोस, कडी काढ, आत विषारी हवा आहे. ती म्हणाली, "हात पोचत नाही हो... गुडघे कुठे गेले कळत नाही."

मी दाराला धडक दिली. पुन्हा दिली. वाफेने लाकूड फुगलं होतं आणि मीच ते तासून चौकटीत मापात बसवलेलं. बाहेर कुठे फट नाही की बोट घालावं. खिडकीकडे पळालो तर तिला ओव्हरसियरने बाहेरून गज लावलेले, आत काच, काचेमागे माझं गोणपाट. दगडाने काच फोडली, गजातून हात घातला, गोणपाट ओढलं, तर खिळे इतके दाट ठोकलेले, की नखं उलटली पण ते हललं नाही. आसपास माणूस नाही. रानात एक गडी लांब कुठेतरी मोट हाकत होता, त्याला हाका ऐकू जाईनात. परत दाराकडे आलो.

पोर रडत नव्हती. मला पोरीचा आवाज पाहिजे होता आणि तो येत नव्हता.

"विजया, पोर कशी आहे?"

"निजलीय..." मग म्हणाली, "अहो... ती आलीय."

मी म्हटलं, तिथे कुणी नाही. माझा आवाज चिरकला. तिथे कुणी नाही, विजया, ते विष डोक्यात चढतं, त्याने भास होतात. शेवटपर्यंत शिकवतच होतो बघा मी.

"ती हात पुढे करतेय," विजया म्हणाली. "म्हणतेय, पोर माझ्याकडे दे... देऊ का?"

रविकांत, तुम्ही काय म्हणाला असता? मी आयुष्यभर सांगत आलो, की असं काही नसतं. माझी बायको दोन हातांवर मरत होती, मध्ये सागाची फळी, आणि मला काही करता येत नव्हतं. पदार्थविज्ञानाचं एकही कलम माझ्या कामाचं उरलं नव्हतं. आणि ती मला विचारत होती. नेहमी विचारायची, सगळं मला विचारून करायची.

"तुम्ही म्हणाल तसं..." ती म्हणाली. आवाज फार लहान झाला होता.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "दे. तिच्याकडे दे."

मग मला गोठ्यातल्या पहारीची आठवण झाली. आधी का झाली नाही, ते मला विचारू नका, मी रोज स्वतःला विचारतो. पहार आणली, बिजागरीशी घातली, दार पाडलं.

विजया भिंतीला टेकून बसली होती. गाल गुलाबी. दोन्ही हात पुढे केलेले, कुणाला काही देताना करतो तसे, आणि हातांत काही नव्हतं. मोरीचा बोळा होता तिथे होता. गोणपाट जागच्या जागी. कडी तशीच लागलेली, दार बिजागरीच्या बाजूने पडलं होतं. मी तिला ओढून अंगणात नेलं, तोंडावर पाणी मारलं, छाती दाबली, हात वरखाली केले, पुस्तकात असतं ते सगळं केलं. किती वेळ केलं कुणास ठाऊक. मोटेवरचा गडी येऊन मला धरेपर्यंत करत होतो.

आणि मग आतून पोर रडली. न्हाणीतून नाही. बाळंतिणीच्या खोलीतून. बाजेवर होती, कोरड्या धडप्यात गुंडाळलेली, अंगावर पाण्याचा टिपूस नाही. डॉक्टर टांग्याने आले, त्यांनी मान हलवली. मी सांगितलं, की मुलगी आत होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, धक्का बसलाय तुम्हाला, मुलगी बाजेवरच असणार. सगळे तेच म्हणाले. मीही तेच म्हणायला लागलो, कारण दुसरं काही म्हणायला तोंड नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐका, ज्यासाठी तुम्हाला बसवून घेतलं.

बावीस दिवसांची पोर, आई गेलेली. गाईचं दूध कापसाने पाजायला गेलो, तोंड फिरवलं. शेळीचं आणलं, नाही. बनुबाईने गावातून एक लेकुरवाळी आणली, पोरीने तिच्या छातीला तोंड लावलं नाही. दोन दिवस झाले, तीन झाले. माझी पाचावर धारण बसली, की ही पण जाते. पण पोर रडत नव्हती. सुकत नव्हती. चौथ्या दिवशी बनुबाईने तिला मांडीवर घेतलं, पोट चाचपलं, ओठाच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि त्या बोटाचा वास घेतला. मग पोरीला अगदी हळू खाली ठेवलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"मास्तर," ती म्हणाली, "लेकराचं प्वाट भरल्यालं हाय."

तेव्हापासून बनुबाई दिवसाउजेडी येते, पोरीचं करते आणि दिवस कलायच्या आत निघून जाते.

फाल्गुनात मी पोरीला घेऊन आक्काकडे देवळालीला गेलो. कायमचाच गेलो होतो, ट्रंक घेऊन. आक्काच्या घरी चार सुना, त्यातल्या दोघी अंगावर पाजणाऱ्या. दोन दिवस पोरीने थेंब घेतला नाही. गळा फुटेस्तोवर रडली, मग रडायचीही थांबली, ओठ काळे पडले. आक्का म्हणाली, यज्ञेश्वर, हिला दवाखान्यात ने. मी सर्व्हिस मोटारीत बसलो आणि नगरच्या दवाखान्यात न जाता इथे आलो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिने मान वळवून घराकडे पाहिलं. मी तिला बाजेवर ठेवलं आणि खोलीबाहेर येऊन बसलो. काय करणार होतो दुसरं? अर्ध्या तासाने आत गेलो तर ओठ लाल होते आणि गाढ झोपली होती.

म्हणून म्हणतो, संगमनेर मला जमणार नाही. राजीनामा लिहून ठेवलाय, जाताना घेऊन जा. खायचं काय, ते बघू. शिकवण्या करीन. ओव्हरसियरांनी घर विकायला काढलंय असं कळलं, त्यांना रोज एक पत्र लिहितो, की विकू नका. आणि एवढं करून ती पोर माझी राहणार आहे का, तेही मला ठाऊक नाही. मी घाबरून दिली की मनापासून दिली, हे घेणारी विचारणार नाही. माझ्या तोंडून शब्द गेला आणि तो घेतला गेला. आणखी चार वर्षांनी, दहा वर्षांनी, ती पोर कुणाला आई म्हणेल, ते मी इथे बसून बघायचं. बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

नाही, उठू नका. कंदील आत नेऊ नका. माझं ऐका, बसा खाली. तिची वेळ झाली आहे.

पाळण्याची करकर थांबली, ऐकलंत? आता काही वेळ आवाज येणार नाही. मग तो बारीक आवाज येईल, चुटूचुटू, तो तुम्हाला इथून कदाचित ऐकू येणार नाही, मला येतो. खोलीला दुसरं दार नाही, बनुबाई पाच वाजताच गेली. पहिल्या पहिल्यांदा मी आत डोकवायचो. पाळण्यात पोर एकटी असायची, डोळे उघडे, आणि माझ्याकडे न बघता माझ्या डाव्या बाजूला बघायची. आता नाही डोकवत.

झालं. संपलं बघा.

आता हे ऐका. हे मात्र तुम्हालाही ऐकू येईल.

येतंय ना? थप... थप... थप. आणि हा ढेकर. चार महिन्यांचं मूल आहे, रविकांत. खांद्यावर घेऊन पाठ थोपटल्याशिवाय त्याला ढेकर येत नाही.

तुम्ही आता निघा. आणि जाताना दार नुसतं लोटा, लावू नका.